गूगलकडून येणारा वाचक

आषाढी एकादशी आठवड्यावर आली की मराठीतल्या जवळपास प्रत्येक वृत्तपत्राच्या वेबसाइटवर एक ठरावीक लेख येतो : ‘आषाढी एकादशी कधी आहे? जाणून घ्या तिथी, शुभ मुहूर्त आणि पूजाविधी’. घरोघरी भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते, तिच्यात ही तारीख ठळक छापलेली असते. तरी हा लेख दर वर्षी नव्याने लिहिला जातो आणि त्यातली तारीख बहुधा तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात सापडते. वारकऱ्यांची तिथी चुकेल अशी काळजी काही वेब डेस्कवरच्या उपसंपादकाला पडलेली नसते. लोक मोबाइलमध्ये हेच शब्द याच क्रमाने टाइप करतात, म्हणून मथळा तसा होतो. या प्रकाराचा गाजलेला नमुना २०११ चा आहे. अमेरिकेतल्या हफिंग्टन पोस्टने ‘सुपर बोल किती वाजता सुरू होतो?’ हा अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याबद्दलचा प्रश्नच मथळा म्हणून लावला आणि लेखावर वाचकांची रीघ लागली. पुढे जगभरच्या डेस्कांनी तो कित्ता गिरवला.

हा सगळा खटाटोप सर्च इंजिनाकडून येणाऱ्या वाचकासाठी. ऑनलाइन प्रकाशनांचं दोन दशकांचं अर्थकारण बऱ्याच अंशी त्याच्या भरवशावर उभं राहिलं, आणि आता तो भराभर कमी होतोय. तो मुळात येतो कसा, त्याची नोंद कशी होते आणि तो का घटतोय, हे क्रमाने पाहू.

सुरुवात गूगलबॉटपासून करावी लागते. एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात वेबवरची पानं उतरवून घेणारा हा प्रोग्रॅम. तुमच्या साइटवर आला की तो आधी ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची छोटी फाइल वाचतो. कुठली पानं घ्यायची आणि कुठल्यांना हात लावायचा नाही, हे तिच्यात लिहिलेलं असतं. ही रीत १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी सुचवली. तिच्यामागे कायद्याचा धाक नाही, नुसता सभ्यतेचा संकेत आहे, पाळणारे पाळतात. उतरवलेली पानं गूगलच्या सूचीत जातात. मग कुणी काही शोधलं की त्या सूचीतून जुळणारी पानं काढून त्यांचा क्रम लावला जातो. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना क्रम लावण्याची जी युक्ती काढली, ती सोपी होती. ज्या पानाकडे इतर पानं जास्त लिंक देतात ते महत्त्वाचं, आणि लिंक देणारं पान स्वतः महत्त्वाचं असेल तर त्या लिंकचं वजन अधिक. १९९८ मध्ये याच युक्तीवर कंपनी उभी राहिली. आज क्रम ठरवताना याखेरीज शेकडो गोष्टी पाहिल्या जातात आणि त्यांचं नेमकं गणित कंपनीबाहेर कुणालाच ठाऊक नसतं.

निकालाच्या पानावर सुरुवातीला प्रत्येक साइटच्या वाट्याला फार थोडी जागा होती : मथळा, पत्ता आणि मजकुरातल्या दोन ओळी. दोन ओळींत कुणाचं भागत नसे, म्हणून लोक क्लिक करत. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा. प्रकाशकाला वाचक मिळत होता तो गूगलने तसं वचन दिलं होतं म्हणून नव्हे. गूगलला स्वतःला उत्तर देता येत नव्हतं, म्हणून मिळत होता. लोकांना शक्य तितक्या लवकर गूगलमधून बाहेर काढून योग्य जागी पोचवायचं, हे आपलं ध्येय असल्याचं पेज यांनी २००४ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं. त्या काळी ते खरंही होतं.

आता क्लिक झाल्यावर काय होतं ते पाहू, कारण सगळे आकडे इथेच जन्माला येतात. वाचकाचा ब्राउझर तुमच्या सर्व्हरकडे पान मागतो. ते मागताना आपण कुठल्या साइटवरून आलो याची एक ओळ सोबत पाठवतो. ही ओळ म्हणजेच रेफरर. पानात बसवलेलं अॅनालिटिक्स ती वाचतं आणि भेटीची नोंद एका खान्यात टाकतं. गूगलवरून, जाहिरात नसलेल्या निकालावरून आलेला वाचक ‘ऑरगॅनिक सर्च’मध्ये जातो, दुसऱ्या साइटवरच्या लिंकवरून आलेला ‘रेफरल’मध्ये. ज्याच्याबरोबर अशी ओळच नसते, त्याला ‘डायरेक्ट’मध्ये टाकलं जातं. कागदोपत्री ‘डायरेक्ट’ म्हणजे साइटचा पत्ता स्वतः टाइप करून आलेला निष्ठावंत वाचक. प्रत्यक्षात त्या खान्यात व्हॉट्सअॅपवरच्या गटांतून आलेल्यांची मोठी भर असते, कारण तिथून येताना ही ओळ बऱ्याचदा गळून पडते. या न दिसणाऱ्या वाटेला पत्रकार अॅलेक्सिस मॅड्रिगल यांनी २०१२ मध्ये ‘डार्क सोशल’ हे नाव दिलं. मामाने भाच्यांच्या गटात टाकलेली बातमी अॅनालिटिक्सला निष्ठावंत वाचकासारखी दिसते. म्हणून एखादा संपादक ‘आमचा डायरेक्ट वाचक वाढला’ असं म्हणाला की मला थोडी शंका येते.

आणखी एक गोष्ट प्रकाशकाच्या नजरेआड गेली. पूर्वी त्या ओळीत वाचकाने काय शोधलं ते शब्दही यायचे. गूगलने ऑक्टोबर २०११ पासून लॉग-इन केलेल्यांचा शोध एन्क्रिप्ट करायला घेतला आणि २०१३ पर्यंत सर्वांचाच केला. कारण खासगीपणाचं होतं आणि ते रास्तही होतं. पण तेव्हापासून अॅनालिटिक्सच्या अहवालात शोधशब्दांच्या जागी ‘नॉट प्रोव्हायडेड’ अशी पाटी लागली. आपला वाचक काय शोधत आला हे जाणून घ्यायला साइट चालवणाऱ्यांसाठी असलेल्या गूगलच्याच सर्च कन्सोलकडे जाणं भाग पडलं. म्हणजे माल पाठवणारा तोच आणि मोजून सांगणाराही तोच.

वाचक पानावर आला की जाहिरातींचा लिलाव होतो. पान उघडेपर्यंतच्या क्षणभरात त्या वाचकाला जाहिरात दाखवण्यासाठी बोली लागते आणि जिंकणाऱ्याची जाहिरात चौकटीत दिसते. प्रकाशकाला हिशेब मिळतो तो हजार पानांमागे अमुक रुपये असा. मराठी पानांना मिळणारा दर इंग्रजीच्या मानाने कमी असतो, त्यामुळे पैशाची उणीव संख्येने भरून काढावी लागते. मुहूर्त, राशिभविष्य, सोन्याचा भाव आणि निकालाच्या थेट लिंका यांची मराठी साइटांवर जी भाऊगर्दी दिसते, तिचं मूळ या दरात आहे. वाचकाच्या अभिरुचीला त्याबद्दल उगाच बोल लावला जातो.

ही देवाणघेवाण कुठेही लिहून ठेवलेली नव्हती. प्रकाशकाने पानं उतरवू द्यायची, गूगलने वाचक पाठवायचा, एवढंच. कृष्ण भरत या अभियंत्याने घडवलेलं गूगल न्यूज २००२ मध्ये सुरू झालं आणि वृत्तपत्रांची कुरकुरही सुरू झाली. २००९ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांची माणसं गूगलवर चोरीचे आरोप करत होती, तेव्हा गूगलचे त्या वेळचे प्रमुख एरिक श्मिट यांनी मर्डॉक यांच्याच वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लेख लिहून उत्तर दिलं. आम्ही बातम्यांच्या साइटांना महिन्याला एकंदर चार अब्ज क्लिक पाठवतो, आता त्यांतून पैसा उभा करणं तुमच्या हातात आहे, असा त्याचा आशय होता. २०२० मध्ये गूगल हाच आकडा महिन्याला २४ अब्ज सांगत होतं. गूगल मोजतं ते खरं धरायचं तर ती भरभराटीची वर्षं होती.

प्रकाशकांची खरी ताकद किती, याचा निकाल २०१४ मध्ये जर्मनीत लागला. तिथे कायद्याने प्रकाशकांना मजकुराच्या तुकड्यांसाठी पैसे मागण्याचा हक्क मिळाला होता. ‘बिल्ड’ आणि ‘वेल्ट’ काढणाऱ्या अॅक्सेल श्प्रिंगर या बलाढ्य कंपनीने आपल्या काही साइटांचे उतारे आणि छोटी चित्रं फुकट दाखवायला गूगलला मनाई केली. गूगलने पैसे दिले नाहीत, उतारे काढून टाकले आणि नुसते मथळे ठेवले. दोन आठवड्यांत त्या साइटांकडे गूगल सर्चमधून येणारे वाचक जवळपास ४० टक्क्यांनी घटले, गूगल न्यूजमधून येणारे ८० टक्क्यांच्या आसपास. कंपनीने मुकाट्याने मनाई उठवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याच वर्षअखेरीस स्पेनच्या कायद्यामुळे गूगलने तिथली न्यूज सेवाच बंद केली. ती सुरू व्हायला २०२२ उजाडलं. युरोपातल्या प्रकाशकांची सरकारांकडची धाव मात्र अजून चालूच आहे.

क्लिक आटण्याचं काम एआयच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. क्रम लावण्याच्या पद्धतीत फेब्रुवारी २०११ मध्ये झालेल्या ‘पांडा’ बदलाने स्वस्तात ढिगाने लेख पाडणाऱ्या साइटा खाली ढकलल्या. नवनीत पांडा या अभियंत्याच्या नावावरून त्याला ते नाव पडलं. त्यात कुणाचे वाचक गेले, कुणाचे वाढले, पण एकूण क्लिक कुठे ना कुठे बाहेर जातच होते. २०१२ मध्ये नॉलेज ग्राफ आला आणि प्रकरण बदललं. निकालाच्या उजव्या बाजूला माणसाचं वय, शहराची लोकसंख्या, चित्रपटातले कलाकार अशी माहिती चौकटीत दिसू लागली. काही वर्षांत एखाद्या साइटवरचा नेमका परिच्छेद उचलून सर्वांत वर दाखवणारी चौकटही आली. क्रिकेटचा धावफलक, चलनाचा दर, हवामान, सणाची तारीख यांसाठी बाहेर जायची गरज उरली नाही. आषाढीचा लेख त्या वेळीच अडचणीत यायला हवा होता. तारीख आतल्या परिच्छेदात लपवण्याची खोड त्याच काळात बळावली.

मधल्या काळात फेसबुकने प्रकाशकांना भुरळ घातली. साइटांवरचे वाचक मोजणाऱ्या पार्सली या कंपनीच्या मोजणीनुसार २०१५ मध्ये बातम्यांच्या साइटांना फेसबुककडून येणारे वाचक गूगलपेक्षा जास्त झाले. दोनच वर्षांत उलटं झालं, आणि जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य द्यायचं ठरवल्यावर तो झरा आटला. प्रकाशक पुन्हा गूगलच्या दारात आले. तिथे डिस्कव्हर त्यांची वाट पाहत होतं.

डिस्कव्हरबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण मराठी डेस्कांवर आज सर्वाधिक चर्चा त्याचीच असते. अँड्रॉइड फोनच्या मुख्य पडद्यावर डावीकडून उजवीकडे बोट सरकवलं किंवा क्रोममध्ये नवा टॅब उघडला की खाली बातम्यांची कार्डं ओळीने दिसतात, ते डिस्कव्हर. इथे कुणी काही शोधलेलंच नसतं. आधी काय वाचलं, काय पाहिलं यावरून गूगल अंदाज बांधतं. आधी ‘फीड’ म्हणून असलेल्या या सेवेला २०१८ मध्ये हे नाव मिळालं आणि बघता बघता कित्येक बातमी-साइटांवर गूगलकडून येणाऱ्या वाचकांत याचाच वाटा सर्चपेक्षा मोठा झाला. ‘बातमी डिस्कव्हरला गेली’ म्हटलं की डेस्कवर आनंद. पण ती का गेली आणि दुसऱ्या दिवशी का उतरली, हे कुणालाच सांगता येत नाही. सर्चमधला लेख वर्षभर थोडा थोडा वाचक आणतो; डिस्कव्हरची लाट बहुधा दिवस-दोन दिवसांत ओसरते. शोधणाऱ्याच्या मनात प्रश्न असतो, डिस्कव्हरवर बोट फिरवणाऱ्याच्या मनात तो नसतो, म्हणून तिथले मथळे उत्सुकता चाळवणारे होतात : ‘तुम्हीही रोज हीच चूक करता का?’ मराठी पत्रकारितेच्या भाषेचं जेवढं नुकसान या एका सोयीने केलं असेल, तेवढं सर्चने नक्कीच केलेलं नाही.

मग १४ मे २०२४ आला. निकालांच्या वर एआयने लिहिलेला सारांश दाखवणारं एआय ओव्हरव्ह्यू गूगलने अमेरिकेत सर्वांसाठी सुरू केलं. त्या ऑगस्टमध्ये ते भारतात इंग्रजी आणि हिंदीत आलं. पूर्ण संवादासारखं चालणारा एआय मोड २०२५ च्या मध्यावर भारतात खुला झाला आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्यात मराठीही आली. या दोन्हींत होतं असं की तुमचा प्रश्न आल्यावर गूगल त्याचे अनेक उपप्रश्न करतं, प्रत्येकासाठी आपल्या सूचीतून पानं काढतं, ती जेमिनी या भाषा-मॉडेलपुढे ठेवतं आणि त्यांतून सलग उत्तर लिहून घेतं. उत्तराशेजारी ज्या पानांचा आधार घेतला त्यांच्या लिंका असतात. बाजार समितीतल्या अडत्याने शेतमाल गिऱ्हाइकाकडे पाठवायचं सोडून गाळ्यातच पंगत मांडावी, तसा हा प्रकार. भाजी कुणाच्या शेतातली ते पाटीवर लिहिलेलं असतं, पण जेवून उठलेला माणूस शेत पाहायला जात नाही.

जात नाही हे मोजलं गेलं आहे. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने ९०० प्रौढांच्या परवानगीने त्यांचं मार्च २०२५ मधलं ब्राउझिंग तपासलं. एआयचा सारांश नसलेल्या निकालपानावर १५ टक्के वेळा लोकांनी एखाद्या निकालावर क्लिक केलं होतं. सारांश असेल तर ८ टक्के वेळा. सारांशातल्या लिंकवर क्लिक झालं ते अवघ्या एक टक्का वेळा. हा अभ्यास मला इतरांपेक्षा विश्वासार्ह वाटतो, कारण प्यूला यात काही विकायचं नाही आणि त्यांनी माणसांचं वागणं थेट पाहिलं.

बाकीचे आकडे वाचताना कोण मोजतोय आणि काय मोजतोय, हे आधी विचारावं. स्पार्कटोरो या कंपनीने २०२४ मध्ये काढलेला आकडा असा : अमेरिकेत गूगलवर हजार शोध झाले तर जेमतेम ३६० क्लिक गूगलच्या आणि त्याच्या जाहिरातदारांच्या बाहेरच्या खुल्या वेबकडे जातात. हा सगळ्या शोधांचा हिशेब आहे. त्यात ‘यूट्यूब’ असं टाइप करून यूट्यूबवर जाणारेही आले, म्हणून बातम्यांना तो जसाच्या तसा लावता येत नाही. सिमिलरवेबसारख्या कंपन्या काही वापरकर्त्यांच्या नमुन्यावरून अंदाज बांधतात. त्यांच्या आकड्यांच्या आधारे वॉल स्ट्रीट जर्नलने जून २०२५ मध्ये लिहिलं की बिझनेस इनसायडरकडे सर्चमधून येणारे वाचक तीन वर्षांत ५५ टक्क्यांनी घटले आणि हफपोस्टचे निम्म्याहून थोडे जास्त. सुपर बोलच्या वेळेचा मथळा करणारी हफिंग्टन पोस्ट ती हीच. चार्टबीटचा कोड मात्र प्रकाशकांच्या पानांतच बसवलेला असतो, म्हणजे तिथे अंदाज नसतो, मोजणी असते. रॉयटर्स इन्स्टिट्यूटने जानेवारी २०२६ च्या अहवालात चार्टबीटच्या अडीच हजारांहून अधिक साइटांचा हिशेब दिला : नोव्हेंबर २०२४ ते नोव्हेंबर २०२५ या वर्षभरात गूगल सर्चकडून येणारे वाचक जगभरात सुमारे एक तृतीयांशाने घटले, अमेरिकेत त्याहून थोडे अधिक.

गूगलला हे मान्य नाही. सर्चच्या प्रमुख लिझ रीड यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये लिहिलं की बाहेर जाणारे एकूण क्लिक वर्षभरात साधारण स्थिर आहेत आणि दर्जेदार क्लिक किंचित वाढले आहेत. त्याला आधार म्हणून आकडे दिले नाहीत. पुढच्याच महिन्यात गूगलवर अमेरिकेत चाललेल्या जाहिरात-तंत्रज्ञानाच्या खटल्यात गूगलच्या वकिलांनी न्यायालयात लिहून दिलं की खुलं वेब झपाट्याने उतरणीला लागलं आहे. ते फक्त खुल्या वेबवरच्या जाहिरातींबद्दल होतं, असा खुलासा कंपनीने नंतर केला. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असूही शकतात, कारण एकूण क्लिक स्थिर राहून ते वृत्तपत्रांऐवजी रेडिटसारख्या चर्चेच्या साइटांकडे आणि व्हिडिओंकडे वळलेले असू शकतात. प्रकाशकाच्या तिजोरीला त्या बारकाव्याने काही फरक पडत नाही.

घट सगळीकडे सारखी नाही. नुकत्याच घडलेल्या घटनेची बातमी अजून तग धरून आहे. तिथे गूगल एआयचा सारांश बेताने दाखवतं आणि ताज्या बातम्यांची चौकट वर ठेवतं. मार बसला आहे तो ‘कसं करावं’, ‘म्हणजे काय’, ‘कुठला घ्यावा’ या लेखांना : पाककृती, आरोग्य, प्रवास, योजनांची माहिती, वस्तूंची तुलना. म्हणजे वर्षानुवर्षं न शिळं होणारं जे लेखन प्रकाशनाची पुंजी मानलं जायचं, तेच आधी गेलं. विकिपीडियाही सुटला नाही. तिथे येणाऱ्या माणसांच्या भेटी वर्षभरात सुमारे आठ टक्क्यांनी घटल्याचं विकिमीडिया फाउंडेशनने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं.

मग प्रकाशक गूगलला नाही का म्हणत नाहीत? इथेच खरी मेख आहे. ओपनएआयच्या बॉटला त्या रोबोट्स फाइलमध्ये मनाई करता येते आणि चॅटजीपीटीकडून येणारे वाचक अजून इतके थोडे आहेत की तोटा जाणवत नाही. गूगलनेही सप्टेंबर २०२३ मध्ये ‘गूगल-एक्स्टेंडेड’ नावाची सोय दिली. ती वापरून आपला मजकूर जेमिनीच्या प्रशिक्षणाला नाकारता येतो. पण एआय ओव्हरव्ह्यू हा सर्चचाच भाग मानला जातो आणि त्याला मजकूर पुरवतो तो नेहमीचा गूगलबॉट. त्याला बंदी घातली तर सर्चमधूनच नाव पुसलं जातं. ‘नोस्निपेट’ ही खूण लावली तर सारांशात मजकूर जात नाही, पण मग साध्या निकालाखालच्या दोन ओळीही जातात, आणि त्या गेल्यावर काय होतं हे श्प्रिंगरने पाहिलेलं आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

याच गाठीवर आता खटले आणि चौकशा चालू आहेत. ‘रोलिंग स्टोन’ आणि ‘व्हरायटी’ काढणाऱ्या पेन्स्की मीडियाने सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत गूगलवर दावा लावला. युरोपीय आयोगाने डिसेंबरमध्ये प्रकाशकांच्या मजकुराच्या एआयमधल्या वापराची चौकशी उघडली. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने जानेवारी २०२६ मध्ये मांडलेला प्रस्ताव नेमक्या जागी बोट ठेवतो : सर्चमध्ये राहूनही एआय सारांशाला नकार देण्याची मुभा प्रकाशकांना असावी. आपल्याकडे इंडियन न्यूजपेपर सोसायटीने फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला पत्र लिहून जाहिरातींच्या उत्पन्नातला ८५ टक्के वाटा मागितला होता. डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशनच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला. तो वाद जुन्या, दोन ओळींच्या गूगलबद्दल होता. आता तो वाद जिंकला तरी पदरात काय पडेल, असा प्रश्न आहे.

मराठीत वेबसाइट, ब्लॉग किंवा मासिकाची ऑनलाइन आवृत्ती चालवणाऱ्याने मोठ्यांच्या आकड्यांवरून घाबरण्याआधी आपलं पान पाहावं. सर्च कन्सोलमध्ये ‘परफॉर्मन्स’ उघडलं की चार गोष्टी दिसतात : क्लिक, इम्प्रेशन म्हणजे निकालात किती वेळा दिसलात, दोन्हींचं प्रमाण सांगणारा सीटीआर, आणि सरासरी क्रमांक. समजा, मागच्या वर्षी एखाद्या महिन्यात एक लाख इम्प्रेशन आणि पाच हजार क्लिक होते, आणि यंदा त्याच महिन्यात एक लाख वीस हजार इम्प्रेशन आणि तीन हजार क्लिक आहेत. क्रमांक तोच, दिसणं वाढलं, सीटीआर पाचवरून अडीचवर आला. तर तुमचा लेख बिघडलेला नाही. निकालाच्या पानावरच वाचकाचं काम होतंय. याउलट इम्प्रेशन आणि क्रमांक दोन्ही घसरले असतील तर कारण दुसरं आहे : एखादा कोअर अपडेट म्हणजे गूगलच्या क्रमवारीतला मोठा बदल, साइटची तांत्रिक अडचण किंवा तुमच्यापेक्षा बरा लेख. दोन्हींवर इलाज वेगळे, म्हणून आधी निदान.

त्यात एक खाचखळगा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलने एका पानावर शंभर निकाल मागवण्याची सोय काढून घेतली. क्रमांक तपासणारे बॉट तिचा भरपूर वापर करत. त्यामुळे त्या महिन्यात बऱ्याच साइटांची इम्प्रेशन अचानक खाली आली आणि सरासरी क्रमांक आपोआप सुधारला. त्याआधीच्या इम्प्रेशनमध्ये बॉटांमुळे आलेला फुगवटा होता हे ध्यानात ठेवून तुलना करावी. एआय सारांशातली इम्प्रेशन आणि क्लिक एकूण आकड्यात मिसळलेली असतात, ती वेगळी काढता येत नाहीत. डिस्कव्हरचा अहवाल मात्र वेगळा मिळतो. तो सर्चच्या बेरजेत कधीही मिसळू नये. चॅटजीपीटीकडून आलेले वाचक अॅनालिटिक्समध्ये ओळखता येतात, कारण तो आपल्या लिंकांना बहुधा स्वतःच्या नावाची खूण जोडतो.

मग शोधशब्दांची यादी उघडा. मराठीतले शोध देवनागरीत असतात, रोमनमध्ये असतात, दोन्हींची खिचडीही असते, त्यामुळे एकच प्रश्न पाच रूपांत दिसेल. त्यातून तुमच्या प्रकाशनाचं किंवा लेखकाचं नाव टाकून झालेले शोध गाळून वेगळे काढा. हा भाग एआयला सहजी खाता येत नाही, कारण त्या माणसाला उत्तर नको असतं, तुम्ही हवे असता. ‘द अॅटलांटिक’चे प्रमुख निकोलस थॉम्पसन यांनी गूगलकडून येणारे वाचक शून्याकडे जातील असं धरूनच आपल्या लोकांना पुढची आखणी करायला सांगितलं. वर्गणीदारांचं बळ पाठीशी असल्यावर असं म्हणणं सोपं असतं. पण छोट्या मराठी साइटनेही नावाने शोधणाऱ्यांचा आकडा महिन्याला वाढतोय की नाही एवढं तरी पाहावं आणि वाचकांचे ईमेल पत्ते गोळा करायला लागावं. मुहूर्ताचे लेख लिहिणं मी तरी आता थांबवलं असतं.

आणि एक काम आजच उरका. सर्च कन्सोल फक्त मागच्या १६ महिन्यांचे आकडे दाखवतं, त्याआधीचे पुसले जातात. एआय सारांशाच्या आधी तुमच्याकडे किती वाचक यायचे याचा पुरावा बऱ्याच जणांच्या हातून आताच निसटला आहे. जेवढे उरले आहेत तेवढे ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवा आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते करत राहा.